कुठली शेळी मागं पडली

माझ्या नणंदेनं भावाकडं मखमल मागितली तेव्हा आमच्या घरात आनंदीआनंद झाला. मुलगी सव्वीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, पुण्याला प्रयोगशाळेत नोकरीला, आणि लग्नाचं नाव काढलं की हटकून विषय बदलणारी. अशी मुलगी एका शनिवारी एस.टी.तून उतरून घरीही न येता सरळ भावाच्या शिलाईच्या दुकानात शिरते आणि दाट मखमल मागते, म्हटल्यावर कुणाला काय वाटेल? सासूबाईंनी तर मनातल्या मनात मांडव घालून टाकला.

"कंच्या रंगाची?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"पांढरी आसली तर बरं."

"पांढऱ्या मखमलीचा ब्लाऊज? आगं, शोभंल का?"

"ब्लाऊज न्हाई, दादा. जंतूंचे छाप घ्यायचेत."

सासूबाईंचा मांडव जागच्या जागी कोसळला. मला मात्र हसू आवरेना, कारण मी अंजनाला ओळखून होते.

मी भोरच्या शाळेत मास्तरीण. लग्न होऊन आले तेव्हा अंजना शाळेत होती. नणंद-भावजयीचं नातं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं माझ्या आईनं मला बजावून पाठवलं होतं. विळाही मीच निघाले आणि भोपळाही मीच. ही मुलगी भांडायला वेळच देत नव्हती. तिला दिवसभर एकच उद्योग. कशाचं काही झालं की विचारायचं, "कशानं?" उत्रोलीला, आमच्या मूळ गावी, एकदा घरची कोंबडी मेली. शेजारच्या म्हणाल्या, नजर लागली. सासूबाई म्हणाल्या, तिचं भरलं होतं. अंजनानं विचारलं, "मेली खरी, पण कशानं?" आणि उत्तर मिळेना म्हणून स्वतःच कोंबडी कापून बघितली. पोटात निघालं सदऱ्याचं बटण. आमचे हे तेव्हा नुकतेच शिवण शिकत होते आणि बटणं अंगणभर सांडत होते. ह्या बटणाची आठवण ठेवा, पुढं लागणार आहे.

छप्पन्न साली घरानं धम्मदीक्षा घेतली. भिंतीवर बुद्धांची तसबीर आली आणि तिच्याखालच्या खुंटीला अंजनाचं दप्तर लागलं. मामंजी दोन्हींकडं सारख्याच आदरानं बघत. मुलीचं शिक्षण कुठंही अडू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते निभावलं. ते असते तर आज हे मला लिहावं लागलं नसतं. तेच घरोघरी सांगत फिरले असते.

तर अंजनाची नोकरी मातीची होती. तिची प्रयोगशाळा ठिकठिकाणची माती गोळा करी. मातीत बारीक जीव असतात, त्यातले काही आपल्या आसपासच्या जंतूंना मारणारा रस सोडतात, आणि त्या रसातनं औषध मिळतं का ते बघायचं, असं काम. सुट्टीला आली की ही बाई वेल्ह्याच्या बाजूला तोरण्याच्या पायथ्याची माती आण, भोंगवलीच्या विहिरीकाठची आण, असं करत हिंडायची. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात तिनं मला हिर्डोशीला ओढून नेलं. एस.टी. जिथवर जाते तिथवर गेलो आणि पुढं डोंगर चढून धनगरवाड्यावर पोचलो.

तिथं धोंडाबाई भेटली. काटक, उन्हानं रापलेली, कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेली बाई. तिच्या शेळ्यांचं वाडगं, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण घातलेली शेळ्या कोंडायची जागा, तिच्या सासूच्याही आधीपासून तिथंच होतं. पिढ्यान् पिढ्यांच्या लेंड्या मुरलेली ती काळी माती बघून अंजनाच्या तोंडाला पाणी सुटलं. मी नाकाला पदर लावला.

"वाडग्याची माती दुसऱ्याला दिऊ न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "जित्राबाची बरकत जाती."

"मूठभरच पायजे, मावशी. त्यातनं कदाचित औषध निघंल."

"आन् न्हाई निघालं तर?"

"तरी येऊन सांगीन."

हे उत्तर धोंडाबाईला आवडलं असावं. तिनं कुठल्या घरच्या ते विचारून घेतलं, खुरप्यानं माती उकरली आणि लांबूनच अंजनाच्या पिशवीत टाकली. नंतर आम्ही पाणी मागितलं तेव्हा तांब्या उंच धरून वरून ओतायला लागली. अंजना ओंजळ करून प्यायली. मी नाही प्याले. माझा स्वभाव असा. घसा कोरडा पडला तरी चालेल, पण वरून पडलेलं पाणी मी घेत नाही. सगळा डोंगर तशीच उतरले आणि सगळी वाट अंजनाशी भांडले. ती म्हणाली, "वहिनी, माती मिळाली ना?" अशा माणसाशी काय भांडणार!

त्या मातीतनं औषध निघालं. म्हणजे औषध म्हणण्याइतकं अजून काही नव्हतं. एक पिवळसर भुकटी होती आणि तिला नाव दिलं होतं हि-सतरा. हिर्डोशीचा हि. जखमेत पू करणारे जंतू, तेही पेनिसिलिनला दाद न देणारे, या भुकटीनं पटापट मरत. अंजना हरखून गेली. पण प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी थंडपणे सांगितलं, "अशा भुकट्या खूप निघतात, अंजनाबाई. पुढं कळतं की ते जुनंच औषध होतं, नव्या मातीतनं आलेलं. हे जंतूला कसं मारतं ते कळल्याशिवाय मी यावर आणखी कुणाला राबवू शकत नाही."

"सर, हे नवं आहे," अंजना भर बैठकीत उभं राहून म्हणाली.

"तुम्ही म्हणता. जंतू म्हणतात का?"

साहेब वाईट नव्हते, पण ह्या वाक्यावर सगळे हसले आणि ते हसणं माझ्या नणंदेला लागलं. आषाढ सरता सरता समितीची बैठक होती. कुठल्या भुकटीवर काम चालू ठेवायचं आणि कुठली बाटली थंड कपाटात ठेवून द्यायची, ते तिथं ठरणार. त्या कपाटात गेलेली बाटली पुन्हा बाहेर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. अंजनाची नोकरी तात्पुरती होती, पण तिला स्वतःची चिंता नव्हती. तिला हि-सतरा वाचवायचं होतं, आणि त्यासाठी ते कशानं मारतं हे जंतूंच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. म्हणून मखमल.

ह्यांनी मखमल आणून ठेवली आणि पुढच्या खेपेला अंजना ती घ्यायला आली. नेमकी त्याच दिवशी धोंडाबाई बाजाराला उतरली होती. दुकान शोधत आली आणि दारातूनच ओरडली, "काय गं पोरी, माज्या मातीचं काय झालं?"

"औषध निघालंय, मावशी! जंतू मारतंय."

"मंग त्वांड का उतरलंय?"

"मारतंय, पर कसं मारतंय ते कळंना."

"मेलं ते मेलं. कसं मेलं ते इचारून काय करायचंय?"

अंजनानं तिला दुकानाच्या पायरीवर बसवलं. "मावशी, समजा तुमच्या कळपात एक शेळी लंगडी हाय, एक धापा टाकणारी आन् एक आंधळी. बाकी समद्या धडधाकट. तुमी घरी हाय आन् दुसऱ्यानंच कळप चरायला नेला. कुठल्या वाटंनं, ते तुमास्नी ठाव न्हाई. सांजच्याला लंगडी तेवढी मागं पडली. वाट कसली व्हती?"

"दगडाची. दुसरी कसली?"

"धापवाली मागं पडली तर?"

"चढाची."

"आन् आंधळी?"

"अंधार पडल्याव आणला आसंल मुडद्यानं!"

"बगा, तुमी वाट बघितलीच न्हाई, तरी वळखली. माजं बी तसंच हाय. म्या असे जंतू केलेत, की एकेकात एकच खोट. कुणाची भिंत कच्ची, कुणाला आपलं अन्न बनवता येत न्हाई, कुणाला आणखी काय. ती खोट त्यांच्या बियाण्यातच हाय, पोराबाळांत उतरती. आता त्यांना औषध इतकं थोडं द्यायचं, की धडधाकटाला कायबी होऊ न्हाई. मंग बघायचं, कुठला मागं पडतो. ज्याची जी बाजू कच्ची, तिथंच औषध मारतंय म्हणायचं."

"एवढंच? मंग त्याला यवढं शिकाया कशाला लागतंय?" धोंडाबाई म्हणाली, आणि आमचे हे इतके हसले की कात्री खाली ठेवावी लागली.

मखमलीचं काम मात्र तिला सांगायला लागलं. अंजनाच्या काचेच्या ताटल्यांत जंतूंचे ठिपके वाढत, एकेका ताटलीत शेकडो. प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जंतूची पोरंबाळं. त्या ताटलीवर मखमल अलगद टेकवायची. मखमलीची लव प्रत्येक ठिपक्यातलं थोडं थोडं उचलते. मग तीच मखमल दुसऱ्या, तिसऱ्या ताटलीवर टेकवली की तीच नक्षी तिथं त्याच जागी उमटते. एक ताटली साधी ठेवायची, एकीत औषध घालायचं, आणि कुठला ठिपका कुठं उगवला नाही ते ताडून बघायचं.

धोंडाबाईनं स्वतःच्या गोंदलेल्या हाताकडं बघितलं. "गोंदणारीच्या सुयांवानी की गं," ती म्हणाली. उठता उठता तिनं बजावलं, "कुठली मागं पडली ते मला सांगाया ये. न्हाईतर माजी माती परत आण."

आता ह्यांच्याकडं वळते. आमचे हे, जगन टेलर, शिवणात एक नंबर. भोर-वेल्ह्याच्या पोरांच्या अंगावरचे निम्मे गणवेश ह्यांच्या मशीनखालून गेलेले. बहिणीचं काम म्हटल्यावर तर काय विचारता! सगळे तुकडे एका मापाचे, लव एका दिशेची, आणि वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येकाचा एक कोपरा तिरका कापलेला. अंजना खूश होऊन गेली आणि कामाला लागली.

आणि सगळंच बिनसलं. औषधाच्या ताटलीवर एक-दोन ठिपके मागं पडण्याऐवजी जवळजवळ सगळेच मागं पडले. लंगडी, धापवाली, आंधळी आणि धडधाकट, सगळा कळपच आडवा. तिनं औषध निम्म्यावर आणलं. तरी तेच. मोठ्या साहेबांनी ताटल्या उजेडाला धरल्या आणि म्हणाले, "हे दिसेल त्याला मारतं. हे औषध नव्हे, विष आहे. आग्रह सोडा आता."

त्या शनिवारी ती आली तेव्हा तिच्याकडं बघवेना. बेंदूर तोंडावर आला होता आणि दुकानात बैलांच्या झुलींची गर्दी. ती दुकानातल्या बाकावर बसली आणि मी चहा दिला तो तसाच गार झाला.

"वन्सं, जाऊ द्या ना," मी म्हटलं. "एक भुकटी गेली, दुसरी निघेल."

"जाऊ दिली असती, वहिनी. पण औषध निम्मं केलं तर मरणारेही कमी व्हायला पाहिजेत. ते तेवढेच मरतात. मग ते औषधानं मरत नाहीत. कशानं मरतात?"

पुन्हा आपलं ते 'कशानं'! मी काही म्हणणार, तेवढ्यात ती उभी राहिली. ह्यांनी कोपऱ्यात स्टोव्हवर पिठाची खळ शिजायला ठेवली होती. झुलींच्या मखमलीला मागच्या बाजूनं खळ लावली की कापड ताठ बसतं आणि कडा उसवत नाहीत. खळ शिजत आली तशी ह्यांनी खलातली निळी पूड चिमूटभर उचलली आणि भांड्यात सोडली. पांढरी खळ बघता बघता निळसर झाली.

"दादा, ते काय घातलंस?"

"मोरचूद. पुस्तकं बांधणारा रखमाजी हाय ना, त्यानं शिकिवलं. मोरचुदाची खळ लावली, की कापडाला कसर लागत न्हाई का बुरशी धरत न्हाई. कायबी जगत न्हाई त्यात!"

"माझ्या मखमलीला पण लावलीस?"

"म्हंजी काय! तुला बिनखळीचं दिईन व्हय? तुला तर दोन हात दिले."

अंजनानं कपाळावर हात मारून घेतला आणि इतक्या जोरात ओरडली, की रस्त्यावरची माणसं थांबली. "अरे दादा, तूच मारलेस की रे माझे जंतू!"

म्हणजे काय झालं होतं ते असं. छापण्याआधी मखमल वाफेवर निर्जंतुक करून घेतली तरी मोरचूद काही जात नाही. उलट पाठीवरचा कापडभर पसरला. मखमलीवर उचललेले जंतू तिथंच मरायला लागायचे. अंजना आधी साधी ताटली छापायची आणि औषधाची शेवटी, औषध इतरांना लागू नये म्हणून. पहिल्या ताटलीपर्यंत जंतू तग धरत, औषधाच्या ताटलीची पाळी येईपर्यंत मखमलीवरच मेलेले असत. हि-सतरा बिचारं निर्दोष होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात तसं. कोंबडीच्या पोटातही शेवटी ह्यांचंच बटण निघालं होतं, हे मी त्याच क्षणी बोलून घेतलं. अशी संधी बायकोनं सोडू नये.

ह्यांचा चेहरा पडला. "म्या चांगल्यापायी केलं गं, अंजे," ते म्हणाले. आणि अंजना? ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोट धरून हसत होती. "दादा, सोन्यासारखी बातमी दिलीस! औषध विष नाही! विष तुझी खळ आहे!"

ह्यांनी झुली बाजूला सारल्या. गिऱ्हाइकं दारात आली तर म्हणाले, बैल थांबतील. नवी मखमल काढली, साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळली, आमच्या सगळ्या दोऱ्यांवर वाळत घातली. शेजारणींनी विचारलं, "लगीन ठरलं का वं?" सासूबाई म्हणाल्या, "न्हाई. जंतूंची गादी हाय." वाळल्यावर ह्यांनी कापली, पहिल्यासारखीच एका लवेची, तिरक्या कोपऱ्याची, आणि मांडीवर घेऊन स्वतः पुण्याला पोचवली. कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तर त्याच्याशीही भांडले.

बैठकीच्या आदल्या रविवारी अंजनाचा निरोप आला, यायचं तर या. ह्यांनी हट्टच धरला. माझ्या कापडानं घात केला, आता त्याच कापडानं काय केलं ते मी डोळ्यांनी बघणार. आम्ही दोघं पुण्याला गेलो. लांब टेबलावर ताटल्यांच्या जोड्या मांडल्या होत्या, आणि या खेपेला प्रत्येक मखमलीचा शेवटचा छाप पुन्हा एका साध्या ताटलीवर घेतला होता. शेवटच्या ताटलीवरही सगळे ठिपके टवटवीत होते. मखमल आता कुणाला मारत नव्हती. ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला तो खोलीभर ऐकू आला.

"आता औषधाची बघा, वहिनी."

मी दोन्ही ताटल्या शेजारी धरल्या. तीच नक्षी, तेच ठिपके, जागच्या जागी. फक्त इथं एक रिकामी जागा, तिथं एक. बाकी सगळा कळप वाट चालून गेलेला आणि मोजक्याच शेळ्या मागं.

"हे कोण?" मी विचारलं.

तिनं मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी धडधाकट जंतू दाखवले. तांदळाच्या कण्यांसारखे बुटके. मग हि-सतराचा थोडा अंश दिलेले दाखवले. कण्या कुठं गेल्या? शेवया होत्या. लांबच लांब, वळणं घेत गेलेल्या, कुठंही न तुटलेल्या शेवया.

"जंतू वाढतो आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतात," अंजना म्हणाली. "हे वाढतायत, पण दुभंगत नाहीत. आणि ताटलीवर मागं पडले ना, त्यांच्यात खोट तीच आहे. दुभंगण्याची."

तेवढ्यात मोठे साहेब आले. रविवार असूनही आले, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. ताटल्या बघितल्या, सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पेनिसिलिन थोडं दिलं तरी जंतू असेच लांबतात, अंजनाबाई."

म्हणजे पुन्हा जुनंच औषध, असं मला वाटलं. अंजना मात्र याच प्रश्नाची वाट बघत बसल्यासारखी होती. "हो, सर. म्हणून भिंत कच्ची असलेले वेगळे लावलेत. ही त्यांची ताटली. पेनिसिलिन दिलं की हेच आधी जातात. हि-सतराला यातला एकही मागं पडलेला नाही. आणि या बशीत आहेत ते पूर्ण औषधातूनही जगून निघालेले. त्यांच्या बीजात जो बदल झालाय तोही त्याच जागी दिसतोय, दुभंगण्याच्या. ज्यांची ती बाजू कच्ची ते आधी मेले, ज्यांची ती बाजू बदलली ते वाचले. दोन्हीकडून बोट एकाच जागेवर जातंय."

साहेबांनी ताटल्या पुन्हा उजेडाला धरल्या. जुन्या औषधांतलं असं मारणारं त्यांना एकही आठवेना, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते हसले, आणि या वेळचं हसणं निराळं होतं. "म्हणजे जंतूंनी सांगितलं म्हणायचं," ते म्हणाले. "उद्या समितीसमोर मी बोलणार नाही. तुम्हीच बोला."

ती बोलली. बैठकीत हि-सतराची बाटली थंड कपाटात गेली नाही. ह्यांनी मखमलीचा एक उरलेला तुकडा काचेत बसवून दुकानात लावला, आणि विचारेल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गोष्ट सांगितली. त्यात मोरचुदाचा भाग गाळायचे. मी आत बसून तो मोठ्यानं सांगत असे.

खरं तेही सांगते. हि-सतरा दुकानात मिळणारं औषध कधी झालं नाही. उंदरांच्या रक्तात गेलं की ते टिकत नसे. हे पुढं दोन-तीन वर्षांनी कळलं. लोक मला म्हणतात, मग एवढ्या खटाटोपाचा काय उपयोग? अशा माणसांचा मला राग येतो. त्या प्रयोगशाळेत त्यानंतर जी जी नवी भुकटी निघाली, ती पहिल्यांदा अंजनाच्या टेबलावर यायची. अंजनाबाईंच्या कळपातून काढा, असं साहेबच म्हणायचे. कुठली जुनी, कुठली नवी, कुठली कशानं मारते, ते तिथं ठरायचं. तिची नोकरी कायम झाली. तिथल्या पोरीबाळींना तिनंच ते काम शिकवलं, आणि मखमल जन्मभर भोरहूनच गेली, बिनखळीची.

पण मला सगळ्यात मोठा विजय आठवतो तो हिर्डोशीचा. बैठक झाली त्याच वर्षी, भातं पोटरीला आली होती तेव्हा, अंजना वचन पाळायला निघाली. मी बरोबर होते, आणि पाण्याची बाटली मी घरूनच भरून घेतली होती. धोंडाबाई वाडग्याच्या तोंडाशीच उभी होती.

"आलीस? सांग. कुठली मागं पडली?"

"मावशी, ज्या जंतूला एकाचे दोन होता येत न्हाई, तोच मागं पडला."

धोंडाबाईचे डोळे चमकले. "म्हंजी तुजं औषध त्यांची वीणच बंद करतंय! कळप वाढायचाच बंद!"

"तेच, मावशी. अगदी तेच."

"माज्या वाडग्याच्या मातीनं!" तिनं शेजारच्या खोपटांकडं तोंड करून आरोळी दिली, "आगं ए बाळाबाई, हिकडं ये! आयका, माज्या मातीनं काय केलं ते!" सगळा वाडा जमला आणि अंजनाला शेळ्यांची ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. मध्ये मध्ये उत्तरं धोंडाबाईच देत होती, सगळं तिनंच शोधून काढल्यासारखी.

निघताना अंजना म्हणाली, "मावशी, आणखी मूठभर माती मिळंल का? कोपऱ्यातली."

धोंडाबाईनं खुरपं घेतलंच नाही. वाडग्यात शिरून दोन्ही हातांनी माती उकरली आणि अंजनाच्या ओंजळीत ठेवली. मग आपल्या हातांनी तिचे हात मिटले आणि तसेच धरून ठेवले. "ने लागंल तेवढी. बरकत जाती म्हनं! आता तर कुठं सुरू झाली."

मग ती आत गेली, भरलेला तांब्या घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. हातात. वरून ओतला नाही. पिशवीत माझी बाटली तशीच भरलेली होती आणि मला तहान मुळीच नव्हती, तरी मी दोन तांबे पाणी प्याले.